साडेतीन टनांचा आकडा आणि घाटाचा उतार: मोठी आलिशान एसयूव्ही घेताना काय पाहावं

टोयोटाची लँड क्रूझर ३००, लँड रोव्हरची डिफेंडर आणि रेंज रोव्हर, मर्सिडीजची जीएलएस, बीएमडब्ल्यूची एक्स७, ऑडीची क्यू७. या गाड्यांच्या डिझेल प्रकारांची परदेशातली माहितीपत्रकं चाळली, तर ‘ब्रेक असलेला ट्रेलर किती वजनापर्यंत ओढता येईल’ या प्रश्नाला बहुतेक ठिकाणी एकच उत्तर मिळतं: ३५०० किलो. इंजिनं वेगळी, सांगाडे वेगळे, किमतींत दुपटीचा फरक, आणि ओढायची ताकद मात्र किलोपर्यंत सारखी. असं कसं?

कारण हा आकडा गाडीच्या ताकदीचा नाही, नियमाचा आहे. युरोपात प्रवासी गाडीमागच्या ट्रेलरची कमाल मर्यादाच ३५०० किलो आहे. तिथवर ट्रेलरला साधे, धक्क्यावर चालणारे ब्रेक चालतात. म्हणजे गाडी हळू झाली की ट्रेलर पुढे रेटतो आणि त्या रेट्यानेच त्याचे ब्रेक लागतात. त्यापुढच्या ट्रेलरला गाडीतून चालवले जाणारे, ट्रकसारखे ब्रेक लागतात. म्हणून कंपन्या ३५०० पर्यंत पोचतात आणि थांबतात. एखादी गाडी तिथे धापा टाकत पोचली असेल, एखादी हसतखेळत. माहितीपत्रकातून हा फरक कळत नाही, आणि खरा फरक तर तोच असतो.

अमेरिकेत चित्र वेगळं आहे. तिथल्या कॅडिलॅक एस्कलेड, लिंकन नेव्हिगेटर, जीप ग्रँड वॅगोनियर या अजस्र गाड्यांचे आकडे साडेतीन ते साडेचार टनांच्या दरम्यान जातात आणि ते एकमेकांपासून वेगळेही असतात. पूर्वी प्रत्येक कंपनी आपापल्या सोयीने आकडा छापायची. मग तिथल्या ऑटोमोबाइल अभियंत्यांच्या संस्थेने, म्हणजे एसएईने, जे२८०७ नावाची एकसारखी चाचणी ठरवली. २०११च्या मॉडेलपासून टोयोटाने ती सगळ्यांत आधी स्वीकारली. या चाचणीतला एक भाग घाटातल्या माणसाला लगेच पटेल असा आहे. ॲरिझोनातल्या डेव्हिस डॅमजवळचा चढ धरून तो आखला आहे: सुमारे १८ किलोमीटरमध्ये ९०० मीटरच्या आसपास उंची गाठायची, हवा किमान ३८ अंश, एसी पूर्ण चालू, मागे पूर्ण वजनाचा ट्रेलर, आणि वेग ताशी ६४ किलोमीटरच्या खाली येऊ द्यायचा नाही. मे महिन्यातल्या दुपारी वजन भरून अंबा घाट चढण्याच्या जातीचीच ही परीक्षा, फक्त उंची आणखी जास्त.

वजनाचा हिशेब

कोल्हापूरकरांना ट्रेलर नवा नाही. गाळप हंगामात उसाने भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर आपण रोज बघतो. ट्रॉलीत माल चुकीच्या जागी भरला तर चढावर ट्रॅक्टरचं तोंड उचलतं आणि स्टिअरिंग हलकं पडतं, हेही इथल्या बहुतेकांना ठाऊक आहे. दोन-तीन कोटींच्या गाडीलाही हाच नियम लागू होतो, म्हणून ही गोष्ट नीट समजून घेऊ.

ट्रेलरचं सगळं वजन त्याच्या स्वतःच्या चाकांवर नसतं. काही भाग हुकावर, म्हणजे गाडीच्या पाठीवर बसतो. साधारण दहा टक्के हा भाग ठेवतात. अमेरिकेत थोडा जास्त, युरोपात थोडा कमी. ३५०० किलोच्या ट्रेलरला दहा टक्क्यांनी ३५० किलो हुकावर आले. हे ३५० किलो गाडीच्या वहनक्षमतेतून, म्हणजे गाडीत माणसं आणि सामान मिळून जेवढं वजन चालतं त्यातून, वजा होतात. इथेच बहुतेकांचा हिशेब चुकतो.

लँड क्रूझर ३००चंच उदाहरण घ्या. ऑस्ट्रेलियात तिची माणसं-सामानासकट कमाल मर्यादा ३२८० किलो आहे, आणि वरच्या प्रकारांत वहनक्षमता साधारण ६५० ते ६७० किलो उरते. हुकाचे ३५० गेले. उरले ३०० ते ३२०. प्रत्येकी ८० किलोची चार माणसं बसली की ३२० झाले. म्हणजे डिकीत एक बॅगही ठेवायची नाही.  पूर्ण वजनाचा ट्रेलर आणि भरलेली डिकी एकाच वेळी जमत नाही. ही टोयोटाची फसवणूक नाही. हे आकडे कंपनीच छापते, फक्त ते एकत्र वाचायचे असतात.

हुकावरचं वजन आणखी एक काम करतं. हुक मागच्या चाकांच्याही मागे असतो, त्यामुळे तिथे पडलेलं वजन पुढची चाकं उचलायला बघतं. समजा हुक मागच्या आसापासून, म्हणजे ॲक्सलपासून, १.२ मीटर मागे आहे आणि त्यावर ३५० किलो आहेत. लँड क्रूझर ३००चा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, २८५० मिलिमीटर आहे. तिच्या पुढच्या चाकांवरून सुमारे १४७ किलो कमी होतात. जीएलएसचा व्हीलबेस ३१३५ मिलिमीटर, तिच्या पुढून सुमारे १३४ किलो. लांब व्हीलबेसचा फायदा खरा आहे, पण विक्रेते सांगतात तेवढा मोठा नाही.

आता एक गैरसमज. ‘आमच्या गाडीला एअर सस्पेन्शन आहे, वजन टाकलं तरी बसत नाही, त्यामुळे काळजी नाही.’ हवेचे फुगे मागची बाजू उचलून गाडी सपाट दाखवतात, हे खरं. पण पुढच्या चाकांवरून गेलेलं वजन ते परत आणत नाहीत. गाडी दिसायला समतोल, आणि पुढचे टायर मात्र हलकेच. पावसात आंबोलीच्या वळणावर ब्रेक मारताना नेमकं तेच वजन हवं असतं. त्यावर उपाय म्हणजे ट्रेलरमधला माल नीट मांडणं: जड वस्तू आसाच्या जवळ, खाली, आणि एकूण भार थोडा पुढच्या बाजूला.

माल अगदी मागे भरला तर उलटा धोका. हुकावर वजन उरत नाही आणि हमरस्त्यावर वेग वाढला की ट्रेलर डावी-उजवीकडे झुलू लागतो. प्रत्येक झोक्याला तो गाडीची मागची बाजू ओढतो. अशा वेळी माणूस घाबरून जोरात ब्रेक मारतो किंवा स्टिअरिंग उलटसुलट फिरवतो, आणि दोन्हींनी झोका वाढतो. स्टिअरिंग सरळ धरून पाय फक्त ॲक्सिलरेटरवरून काढायचा. या वर्गातल्या गाड्यांत हा झोका ओळखून एकेका चाकाला आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा मिळते. ती घ्यावीच. पण माल चुकीचा भरला असेल तर तिच्या भरवशावर राहू नये.

चढण्यापेक्षा उतरणं अवघड

मोठं इंजिन म्हणजे ओढायची जास्त ताकद, असं आपण धरून चालतो. गणित करून बघू. गाडी आणि ट्रेलर मिळून सहा टन, रस्ता शंभर मीटरला सहा मीटर चढणारा, वेग ताशी ५०. चाकांचं घर्षण धरूनही साधारण ८० ते ८५ हॉर्सपॉवर पुरते. लँड क्रूझर ३००च्या डिझेल व्ही६ची ताकद ३०९ पीएस (हॉर्सपॉवरच्या जवळपास तेवढीच) आणि टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, ७०० न्यूटन मीटर आहे. जीएलएस ४५०डी ३६७ हॉर्सपॉवर आणि ७५० न्यूटन मीटरपर्यंत जाते. चढायला यातली कुठलीच गाडी कमी पडणार नाही. चढावर खरा कस लागतो तो रेडिएटरचा आणि गिअरबॉक्सच्या तेलाचा, कारण ताकद जितकी वापराल तितकी उष्णता बाहेर टाकावी लागते.

आता तेच सहा टन खाली न्या. आपल्याकडून कोकणात उतरायचं तर अंबा, करूळ, भुईबावडा, फोंडा, आंबोली, यांतला कुठला ना कुठला घाट लागतोच. समजा उंचीत ५०० मीटर उतरायचं आहे. त्या उतारात सहा टन वजनातून सुटणारी ऊर्जा सुमारे २९ मेगाज्यूल भरते. नव्वदहून अधिक लिटर पाणी २५ अंशांवरून उकळीपर्यंत नेईल एवढी ही उष्णता आहे. काही भाग हवा आणि टायर खातात. बाकीची कुठेतरी गेलीच पाहिजे, आणि पाय सतत ब्रेकवर ठेवला तर ती डिस्क, पॅड आणि ब्रेक ऑइलमध्ये जाते. ऑइल उकळलं की नळ्यांत वाफ होते, वाफ दाबली जाते, आणि पेडल मऊ होऊन खाली जातं. घाटात ब्रेक फेल झाल्याच्या बातम्यांमागे पुष्कळदा एवढंच शास्त्र असतं.

म्हणून उतारावर खालचा गिअर आणि इंजिनाचं रोधन, म्हणजे ॲक्सिलरेटर सोडल्यावर इंजिनच गाडीला मागे धरतं ते. लँड क्रूझरला दहा गिअर आहेत, जीएलएसला नऊ, एक्स७ आणि रेंज रोव्हरला आठ. संख्या महत्त्वाची नाही. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स हाताने खालच्या गिअरला धरून ठेवता येतो का, आणि तो स्वतःहून वर सरकतो का, हे टेस्ट ड्राइव्हमध्ये विचारून, करून बघा. ट्रेलरचे स्वतःचे ब्रेक तर हवेतच. युरोपात बिनब्रेकचा ट्रेलर कमाल ७५० किलोपर्यंतच चालतो. आपल्या घाटांत माझ्या मते हीच मर्यादा स्वतःहून पाळावी.

कोल्हापुरात ओढायचं काय?

हा प्रश्न गाडी घेण्याआधी घरच्यांनी बसून सोडवावा. आपल्या गावाला कार्टिंगचा आणि मोटरसायकलच्या शर्यतींचा नाद जुना. दोन कार्ट किंवा शर्यतीच्या तीन-चार बाइक ट्रेलरवर चढवल्या तर सगळं मिळून एक-सव्वा टनाच्या आतच राहतं. एक घोडा साधारण अर्ध्या टनाचा. दोन घोड्यांचा ट्रेलर, त्याच्या स्वतःच्या वजनासकट, दोन टनांच्या आसपास जातो. कुटुंबासाठीचा छोटा कॅराव्हॅनही बहुधा याच्या आत. म्हणजे दोन टनांपलीकडे जाणारा खासगी माणूस आपल्याकडे विरळा.

दोन टनांपर्यंत या सगळ्या गाड्या समर्थ आहेत. मग ‘हिची ताकद जास्त की तिची’ या वादाला अर्थ उरत नाही. उरतो प्रश्न आरामाचा: रिकामी असताना, भरलेली असताना आणि खराब रस्त्यावर.

आराम म्हणजे नेमकं काय

मऊ सीट आणि चामडं हा आरामाचा सर्वांत छोटा भाग. मुख्य काम सांगाडा, स्प्रिंग आणि टायर करतात.

लँड क्रूझर जुन्या पद्धतीच्या चासीवर बसते: खाली पोलादी शिडीसारखी चौकट, वर वेगळी बॉडी. मागे अखंड हाऊसिंग, म्हणजे दोन्ही चाकं एकाच आसाने बांधलेली. ओढायला आणि दगडधोंड्यांतून जायला हे उत्तम, कारण हुकाचा सगळा ताण थेट चौकटीवर येतो. पण एक चाक खड्ड्यात गेलं की दुसरं चाकही हलतं, आणि आतल्या माणसांची डोकी बाजूला झुलतात. सरळ उडी माणूस सहन करतो, हा बाजूचा झोका मात्र थकवतो. जीएलएस, एक्स७, रेंज रोव्हर आणि डिफेंडर यांची बॉडी आणि चौकट एकच असते, ज्याला मोनोकॉक म्हणतात, आणि मागची चाकं स्वतंत्र हलतात. मोनोकॉक म्हणजे नाजूक, हा समज आता सोडून द्यायला हवा. डिफेंडर आणि रेंज रोव्हर मोनोकॉक असूनच साडेतीन टन ओढतात.

स्प्रिंगचा मुद्दा अधिक सूक्ष्म आहे. लोखंडी स्प्रिंगचा कडकपणा ठरलेला असतो. पूर्ण भार आणि ट्रेलर पेलायचा म्हणून ती कडक ठेवली, तर एकट्याने राजारामपुरीतून स्टेशनला जाताना गाडी उडते. मऊ ठेवली तर भरल्यावर बसते. ओढणं आणि आराम यांचं खरं भांडण इथे आहे. हवेच्या स्प्रिंगमध्ये भार वाढला की आतला दाब वाढतो आणि दाबाबरोबर कडकपणाही. त्यामुळे रिकामी असो वा भरलेली, गाडी साधारण त्याच लयीत हलते. जीएलएस, एक्स७ आणि रेंज रोव्हरला एअर सस्पेन्शन मुळातच मिळतं. भारतातल्या लँड क्रूझरला लोखंडी स्प्रिंग आणि रस्त्याप्रमाणे घट्ट-सैल होणारे शॉकॲब्सॉर्बर आहेत. ते चांगलं काम करतात, पण हवेची बरोबरी करत नाहीत. दुसऱ्या बाजूने, रबरी फुगे, कॉम्प्रेसर, सेन्सर हे सगळं कधी ना कधी बदलावं लागतं आणि ते स्वस्त नसतं. दहा-पंधरा वर्षं गाडी ठेवणाऱ्यांनी हा खर्च आधीच मनात धरावा.

ही लय महत्त्वाची का? गाडी साधारण सेकंदाला एक ते दीड वेळा संथ वरखाली झाली, तर ती हालचाल माणसाला फारसा त्रास देत नाही. सेकंदाला चार ते आठ वेळा होणारी कंपनं मात्र पाठीच्या कण्याला आणि पोटाला सगळ्यांत जास्त जाणवतात. घरात पाठदुखीची आजी असेल तर तिला त्रास देतो तो हाच बारीक थरथराट, मोठे खड्डे नव्हेत. आणि तो कमी करायचा सगळ्यांत स्वस्त मार्ग विक्रेता सांगत नाही: लहान रिम घ्या.

टायरवर २८५/४० आर२३ लिहिलेलं असतं. पहिला आकडा टायरची रुंदी, दुसरा त्या रुंदीच्या किती टक्के टायरची भिंत उंच आहे तो. २८५चे ४० टक्के म्हणजे ११४ मिलिमीटर. २३ इंची रिमच्या रेंज रोव्हरला एवढीच भिंत मिळते. लँड क्रूझरच्या १८ इंची रिमवरच्या २६५/६५ टायरला हीच भिंत १७२ मिलिमीटर. जवळपास सहा सेंटिमीटर जास्त रबर आणि हवा. पुणे-बेंगळुरू महामार्गावर सहापदरीकरणाची वळणं, सेवा रस्ते, उखडलेल्या कडा यांवरून जाताना हा फरक कुठल्याही कॉम्प्युटरपेक्षा जास्त जाणवतो. शिवाय मोठी रिम जड असते, आणि चाक जितकं जड तितका त्याचा धक्का स्प्रिंगला आवरायला कठीण. शोरूममध्ये २२-२३ इंची ॲलॉय बघून डोळे दिपतात, हे मी समजू शकतो. तरीही जी लहान रिम त्या प्रकारात मिळत असेल ती मागावी, असं मी कळकळीने सांगेन.

तिसऱ्या रांगेबद्दल थोडक्यात. ती मागच्या चाकांच्या अगदी जवळ असते, त्यामुळे गाडीचं पुढेमागे डोलणं तिथे सगळ्यात जास्त पोचतं. जीएलएसमध्ये मोठी माणसंही तिथे तासभर नीट बसू शकतात, एक्स७ त्या जवळपास. भारतात येणारी लँड क्रूझर पाच आसनीच आहे, त्यामुळे तीन पिढ्या एकत्र तारकर्लीला निघणार असतील तर ती यादीतून आपोआप गळते.

शहरातली सोयही आरामातच मोजावी. जीएलएस ५.२ मीटर लांब. रेंज रोव्हर आरसे मिटवूनही दोन मीटरपेक्षा रुंद, पण तिची मागची चाकंही वळतात आणि तिचा आखूड व्हीलबेसचा प्रकार ११ मीटरच्या आत पूर्ण फिरतो. लक्ष्मीपुरीत किंवा महाद्वार रोडला यातली कुठलीही गाडी नेणं म्हणजे इतरांची वाट अडवणं. ती बिंदू चौकाच्या अलीकडे ठेवून चालत जावं.

किंमत, कागद आणि माझं मत

लँड क्रूझर पूर्ण तयार होऊन परदेशातून येते, म्हणून तिच्या किमतीत आयात शुल्काचा मोठा वाटा आहे. जीएलएस चाकणला जुळवली जाते, एक्स७ चेन्नईला, आणि रेंज रोव्हरची जुळणी २०२४पासून पुण्यात होते. त्यामुळे महाग म्हणजे जास्त आरामदायी, हे समीकरण इथे चालत नाही.

मला विचाराल तर: मोठं कुटुंब, महिन्यातून एकदा कोकण किंवा पुणे, आणि मागे क्वचित हलका ट्रेलर, तर लहान रिमची जीएलएस. दरवर्षी खरोखर दोन टन आणि त्याहून जास्त ओढायचं असेल, कच्च्या रस्त्यावर जायचं असेल आणि गाडी वीस वर्षं ठेवायची असेल, तर लँड क्रूझर; तिचा झोका त्या कामाच्या बदल्यात सोसायला हरकत नाही. दोन्ही कामं सर्वांत ऐटीत रेंज रोव्हर करते. पण तिच्या किमतीबरोबर दुरुस्तीचाही खर्च पेलणार असाल आणि सर्व्हिस सेंटर किती लांब आहे ते आधी पाहिलं असेल, तरच तिच्या वाटेला जा.

ट्रेलर लावायचा पक्का विचार असेल तर गाडी बुक करण्याआधी कंपनीकडून लेखी घ्या: भारतात विकल्या जाणाऱ्या याच प्रकाराला ओढायची मान्यता आहे का, किती किलोंची, हुकावर किती, आणि कंपनीचा हुक मिळतो का. ऑस्ट्रेलियाचा आकडा इथल्या गाडीला आपोआप लागू होत नाही. बाहेरून वेल्डिंग करून बसवलेल्या हुकामुळे वॉरंटी आणि विमा दोन्ही अडकू शकतात. मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार ट्रेलर हेसुद्धा मोटार वाहनच आहे, म्हणजे त्याची स्वतंत्र नोंदणी हवी. आरटीओत आधी जाऊन कुठले कागद लागतील ते विचारा, मग ट्रेलर बनवायला टाका. उद्यमनगरात तो उत्तम बनेल यात शंका नाही, पण मान्यता नसलेला ट्रेलर नोंदवून घेणं पुढे फार जड जातं.